वाहनाचा खुराक

फोर्ट युकॉनला जायचं तर फेअरबँक्सच्या विमानतळावर आधी स्वतःचं वजन सांगावं लागतं. बॅग काट्यावर चढतेच, पण माणसाचंही वजन विचारतात, आणि तेही चारचौघांत, मोठ्याने. नऊ-दहा जणांच्या विमानात कोणाला पुढे बसवायचं, कोणाला मागे, आणि उरलेल्या किलोंमध्ये कोणाचं बटाट्याचं पोतं चढवायचं, हे त्यावर ठरतं. मग तासाभराचं उड्डाण. खाली आधी डोंगर दिसतात. ते संपले की पाण्याने चिरफाळलेला सपाट मुलूख सुरू होतो. हजारो तळी, नदीने सोडून दिलेल्या जुन्या पात्रांची वळणं, बेटं, वाळूचे दांडे. याला युकॉन फ्लॅट्स म्हणतात. सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची युकॉन नदी या पट्ट्यात एका पात्रात मावत नाही, अनेक फाट्यांनी पसरत जाते.

अलास्काच्या ईशान्येला, पॉर्क्युपाइन नदी युकॉनला मिळते त्या संगमाजवळ, आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम १३ किलोमीटर उत्तरेला हे गाव आहे. २०२०च्या जनगणनेत वस्ती भरली ४२८. बहुतेक लोक ग्विचिन जमातीचे, आणि त्यांच्या भाषेत गावाचं नाव ग्विच्या झी. हवामानाच्या बाबतीत गाव दोन्हीकडून टोकाचं. २७ जून १९१५ रोजी इथे पारा ३८ अंशांच्या घरात गेला होता आणि अलास्काचा तो उच्चांक अजून मोडलेला नाही. हिवाळ्यात हाच पारा उणे ५०च्या आसपास उतरतो. गावाला रस्ता नाही. फेअरबँक्सहून निघालेला स्टीझ महामार्ग सुमारे २६० किलोमीटरवर सर्कल नावाच्या नदीकाठच्या वस्तीत संपतो आणि तिथून पुढे नुसती नदी उरते.

दळणवळणाचा इतिहास लिहिणारे सहसा वेग मोजतात. पूर्वी इतके दिवस लागत, आता इतके तास लागतात, आणि मधल्या फरकाला प्रगती म्हणून मोकळे होतात. फोर्ट युकॉनच्या बाबतीत या मोजमापाने फारसं काही कळत नाही. तिथे दुसरा प्रश्न अधिक उपयोगी पडतो: वाहन खातं काय आणि त्याचं खाणं येतं कुठून? गेल्या पावणेदोनशे वर्षांत या गावात पाय, होडी, आगबोट, कुत्री, विमान आणि स्नोमोबाईल अशी वाहनं आली, काही गेली. प्रत्येकाचा खुराक वेगळा होता. तो बदलला तसतसं गावाचं पोट कुणाच्या हाती आहे, हेही बदलत गेलं.

गोरे व्यापारी येण्याआधी ग्विचिनांचं मुख्य वाहन म्हणजे पाय. हिवाळ्यात पायांना बर्चच्या लाकडाच्या लांबट चौकटीत कच्च्या चामड्याची वादी विणून केलेले स्नोशू. ताज्या भुसभुशीत बर्फावरून शिकारीमागे पळायचं तर ते लांब लागत, तुडवलेल्या वाटेवर आखूड चालत. कुत्री होती, पण प्रत्येक घराकडे मोजकीच, आणि ती बहुधा पाठीवर ओझं वाहत. स्लेज ओढायचं काम बरेचदा बायकांच्या वाट्याला येई. कुत्र्यांचे मोठे ताफे हे या मुलखाचं सनातन चित्र आहे असा बाहेरच्यांचा समज असतो, तो खरा नाही. ते चित्र व्यापाऱ्यांच्या मागोमाग आलं.

उन्हाळ्यात बर्चच्या सालीची होडी चाले. हलकी, अरुंद, एका माणसाला खांद्यावर घेऊन एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाता येईल अशी. पण त्या काळातलं सर्वांत देखणं वाहन म्हणजे मूस हरणाच्या कातड्याची मोठी होडी. हिवाळाभर डोंगरात शिकार करणारं कुटुंब वसंतात नदी फुटली की खाली उतरे. त्यासाठी लाकडाचा सांगाडा उभा करायचा, शिकारीत मिळालेली मूसची कातडी एकमेकांना शिवून त्यावर ताणायची, शिवणींना चरबी माखायची, आणि पोरंबाळं, कुत्री, सुकं मांस असा सगळा संसार आत घालून प्रवाहात लोटायचं. मुक्कामी पोचल्यावर होडी मोडायची. सांगाडा काठावर टाकायचा आणि कातडी कमावून वापरायला घ्यायची. आतलं मांस आधीच खाल्लेलं, वरचं कातडं प्रवासाला लावलेलं, आणि प्रवास संपल्यावर त्याच कातड्याचे जोडे. या वाहनाला खुराकच लागत नव्हता, कारण ते स्वतःच खुराकातून उरलेलं होतं.

१८४७मध्ये हडसन्स बे कंपनीचा अलेक्झांडर हंटर मरे पॉर्क्युपाइनवरून खाली आला आणि संगमाजवळ त्याने लाकडी गढी उभारली. ही जमीन रशियाची आहे याची त्याला चांगली कल्पना होती, पण रशियन लोक दूर खाली मुखाकडे होते आणि केसाळ कातडी इथे होती. खरी कसरत मालाच्या वाटेची. बंदुका, मणी, घोंगड्या असा माल कॅनडातल्या नद्यांमधून, मॅकेन्झी नदीने उत्तरेला, मग पील नदीवरच्या ठाण्यापर्यंत होड्यांनी यायचा. पुढे रिचर्डसन पर्वत आडवा. तो हिवाळ्यात स्लेजवरून ओलांडायचा, पलीकडे ला पिएर हाउस नावाच्या ठाण्यावर माल ठेवायचा आणि नदी फुटल्यावर पॉर्क्युपाइनने फोर्ट युकॉनला न्यायचा. इथली कातडी याच वाटेने उलटी जात. लंडनहून मागवलेली वस्तू इथे पोचून तिच्या मोबदल्यातलं कातडं परत लंडनच्या लिलावात जाईपर्यंत वर्षं लोटत. इतकं असूनही धंदा फायद्यात होता, यावरून तेव्हा बीव्हरच्या आणि मार्टेनच्या कातड्याला काय भाव असेल याचा अंदाज करावा.

या धंद्याला पहिला धक्का एका आगबोटीने दिला. १८६७मध्ये अमेरिकेने अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेतलं. फोर्ट युकॉन नक्की कोणाच्या हद्दीत, हे पाहायला १८६९च्या उन्हाळ्यात कॅप्टन चार्ल्स रेमंड हा सैन्यातला अभियंता निघाला. ज्या बोटीतून तो आला तिचं नाव ‘युकॉन’ होतं, आणि नदीच्या या भागात आलेली ती पहिली आगबोट. समुद्रावरच्या सेंट मायकलहून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर प्रवाहाच्या उलट कापून ती जुलैअखेर गावाला लागली. रेमंडने आकाश मोजलं, रेखांश काढला आणि ठाणं अमेरिकेच्या हद्दीत असल्याचं जाहीर करून झेंडा चढवला. कंपनीला गाशा गुंडाळून पॉर्क्युपाइनच्या वरच्या अंगाला जावं लागलं. बावीस वर्षं डोंगर ओलांडून माल आणणाऱ्या माणसांना जे एका मोसमात कळलं ते असं की गावाचं तोंड फिरलं आहे. कालपर्यंत ते पूर्वेच्या पर्वतांकडे होतं, आता पश्चिमेच्या समुद्राकडे.

आगबोट लाकूड खाई, आणि राक्षसासारखं खाई. चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब रचलेल्या राशीला एक कॉर्ड म्हणतात. मोठी बोट चढाला एका तासात अशी एक-दोन कॉर्ड लाकडं फस्त करी. नदीच्या दोन्ही काठांना जळाऊ लाकडाच्या वखारी उभ्या राहिल्या. हिवाळ्यात झाडं तोडायची, ओंडके काठाला आणून रचायचे आणि उन्हाळ्यात बोट लागली की मोजून पैसे किंवा पीठ, चहा, काडतुसं घ्यायची. ग्विचिन आणि इतर अथाबास्कन लोकांच्या हातात रोख पैसा खेळायला लागला तो पुष्कळ अंशी या लाकूडतोडीतून. काठालगतचं जंगल मात्र वखारींपाशी विरळ होत गेलं.

१८९६मध्ये क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि नदीवर बोटींची रीघ लागली. तेव्हा फ्लॅट्सने आपला स्वभाव दाखवला. १८९७च्या शरदात पाणी उतरलं आणि क्लोंडाइकच्या डॉसन शहराला धान्य घेऊन निघालेल्या बोटी फोर्ट युकॉनजवळच्या वाळूच्या दांड्यांवर अडकल्या. वर डॉसनमध्ये खिशात सोनं असलेल्या लोकांच्या चुलीत मात्र काही नव्हतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी आणि बोटीच्या कप्तानांनी सरळ सांगितलं की हिवाळ्याआधी खाली फोर्ट युकॉनला जा, धान्य तिथे पडलंय. शेकडो लोक मिळेल त्या होडीतून, वाहत्या बर्फाच्या लाद्यांमधून खाली आले. गोदामं लुटायची तयारी झाली तेव्हा अमेरिकी सैन्याचा कॅप्टन पॅट्रिक रे आणि त्याचा एकमेव सहायक अधिकारी यांना बंदूक आणि वाटाघाटी दोन्ही वापरून ती वाचवावी लागली. नदीच्या दोन वीत पाण्यावर एक शहर जगणार की उपाशी मरणार हे ठरत होतं. आज बार्ज, म्हणजे सपाट मालबोटी, चालवणाऱ्यांनाही याच दांड्यांची धास्ती असते.

ऑक्टोबर ते मे नदी गोठलेली, म्हणजे आगबोटीचा उपयोग वर्षातून चार-पाच महिनेच. बाकीच्या महिन्यांचं वाहन कुत्री. सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीच्या मागोमाग टपालाच्या ठरलेल्या फेऱ्या आल्या. टपाल ठरल्या दिवशी पोचायलाच हवं आणि त्यासाठी धट्टीकट्टी कुत्री हवीत. मग प्रश्न आला, इतक्या कुत्र्यांना घालायचं काय?

उत्तर नदीतच होतं. उन्हाळ्याच्या अखेरीस वर चढणारे चम जातीचे सॅमन कुत्र्यांच्या फार उपयोगाचे. त्यांना सरसकट ‘डॉग सॅमन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पकडायचं एक नवं साधन या नदीवर आलं. आपल्याकडच्या रहाटगाडग्याची आठवण व्हावी असं लाकडी चाक तराफ्यावर बांधलेलं, त्याला गाडग्यांच्या जागी जाळीच्या टोपल्या. प्रवाहच चाक फिरवतो, टोपली पाण्यातून वर येताना मासा उचलते आणि बाजूच्या पेटीत घरंगळून टाकते. ना इंधन, ना पहारा. माणसाने फक्त पेटी रिकामी करायची, मासे चिरायचे आणि उंच दांड्यांवर वाळत टाकायचे. हे काम सोपं नव्हतं. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक सुका मासा लागतो. सात कुत्री, दोनशे दिवसांचा हिवाळा, म्हणजे चौदाशे मासे. शिवाय उन्हाळ्यात कुत्री बसून असली तरी पोट बसून नसतं. घरातली म्हातारी-कोतारी, पोरंसोरं सगळी जुलैपासून सप्टेंबरपर्यंत या कामाला जुंपलेली असत. जास्तीचा सुका मासा टपालवाल्यांना आणि वाटेवरच्या खाणावळींना विकला जाई. म्हणजे या व्यवस्थेत नदीच इंधन पुरवत होती आणि तिच्या गोठलेल्या पाठीवरून ते इंधन धावत होतं. गावाबाहेरून यायची ती सुई, दोरा आणि लोखंडी खिळा.

या काळातला सर्वांत प्रसिद्ध पाहुणा १९०५च्या नोव्हेंबरात आला. रोआल्ड आमुंडसेनने उत्तर-पश्चिम सागरी मार्ग पार केला होता, पण जहाज आर्क्टिकच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकलेलं आणि ही बातमी जगाला कळवायची सोय नव्हती. म्हणून तो हर्शल बेटावरून कुत्र्यांच्या स्लेजने डोंगर ओलांडून निघाला. फोर्ट युकॉनला पोचल्यावर कळलं की इथे तारऑफिस नाही. मग गोठलेल्या युकॉनवरून आणखी वर, ईगल गावापर्यंत. ५ डिसेंबरला तो तिथे पोचला आणि त्याने तार ठोकली, जिचे पैसे घेणाऱ्याने भरायचे होते. शतकानुशतकं दर्यावर्दी ज्या मार्गासाठी बुडाले त्या मार्गाची बातमी सुक्या माशांवर धावणाऱ्या कुत्र्यांनी पोचवली.

दुसरा माणूस पाहुणा म्हणून आला आणि गावाच्या मातीतच राहिला. हडसन स्टक हा मूळ इंग्लंडचा धर्मोपदेशक. हिवाळ्यात कुत्र्यांची स्लेज आणि उन्हाळ्यात ‘पेलिकन’ नावाची पेट्रोलवर चालणारी छोटी लाँच, अशा दोन वाहनांवर त्याने अलास्काच्या अंतर्भागातल्या वस्त्या पालथ्या घातल्या. स्लेजच्या प्रवासांवर त्याने १९१४मध्ये पुस्तक काढलं. अशा प्रवासात काय काय आडवं येतं ते ऐकण्यासारखं आहे. फार कडाक्याच्या थंडीत स्लेज घसरतच नाही. एरवी पट्ट्यांखाली बर्फ किंचित वितळून वंगण होतं. उणे ४५च्या खाली ते होत नाही आणि बर्फ वाळूसारखा पकडतो. त्याहून वाईट म्हणजे बर्फाखालून दाबाने वर येऊन हिमाच्या थराखाली दडलेलं पाणी. त्यात पाय बुडाला की काही मिनिटांत आग पेटवता आली तर माणूस वाचला.

स्टकच्या लाँचचं सुकाणू धरणारा आणि स्लेजचा पुढचा माणूस होता वॉल्टर हार्पर, आयरिश बापाचा आणि कोयुकॉन आईचा मुलगा. ७ जून १९१३ रोजी देनाली पर्वताच्या शिखरावर पहिलं पाऊल त्याने टाकलं. स्टक त्याच्या मागून पोचला. १९१८च्या सप्टेंबरात हार्परने फोर्ट युकॉनच्या मिशन इस्पितळातली परिचारिका फ्रान्सिस वेल्स हिच्याशी लग्न केलं, लग्न स्टकनेच लावलं. नवरा-बायको हंगामाच्या अखेरीस आगबोटीने वर गेली, पुढे रेल्वेने स्कॅग्वे बंदर गाठलं आणि तिथे ‘प्रिन्सेस सोफिया’ जहाजावर चढली. २५ ऑक्टोबरला ते जहाज जुनोजवळच्या खडकावर बुडालं. साडेतीनशेच्या आसपास माणसं होती, एकही वाचलं नाही. बुडालेल्यांत हिवाळ्यासाठी दक्षिणेला निघालेले युकॉनवरच्या आगबोटींचे कप्तान, खलाशी आणि अभियंतेही बरेच होते. नदीची वाट डोळे मिटून सांगणारी माणसं एका रात्रीत गेली, तीही नदीवर नव्हे. स्टक दोन वर्षांनी वारला. त्याची कबर फोर्ट युकॉनमध्ये आहे.

विमान आलं ते टपालाच्या मिषाने. फेब्रुवारी १९२४मध्ये कार्ल बेन आइल्सनने फेअरबँक्सहून मॅकग्रॅथला टपाल नेलं. कुत्र्यांना आठवडे लागत तिथे तो काही तासांत पोचला. पुढच्याच हिवाळ्यात नोम गावात घटसर्प पसरला तेव्हा मात्र विमानं कामाला आली नाहीत. उघड्या बैठकीची ती यंत्रं थंडीसाठी खोलून ठेवलेली होती. घटसर्पावरचं प्रतिविष नेनाना गावाहून नोमपर्यंत सुमारे १,०८५ किलोमीटर कुत्र्यांनीच नेलं, वीस गाडीवानांनी, साडेपाच दिवसांत. त्यातला मोठा पट्टा टानाना आणि युकॉन या गोठलेल्या नद्यांवरचा, आणि तिथले बरेच गाडीवान नेहमी टपाल वाहणारे अथाबास्कन लोक. जगभरच्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं ते नोमकडच्या शेवटच्या टप्प्याचं.

कुत्र्यांचा हा सर्वांत मोठा विजय आणि त्यांच्या रोजगाराचा शेवट यांत फारसं अंतर नव्हतं. पुढच्या काही वर्षांत एकेक टपालाचं कंत्राट विमानांकडे गेलं. अलास्कातला कुत्र्यांच्या टपालाचा अगदी शेवटचा मार्ग सेंट लॉरेन्स बेटावर १९६३पर्यंत टिकला, पण युकॉनकाठी हे खूप आधी घडलं. टपाल गेलं तशा वाटेवरच्या खाणावळी बंद पडल्या, सुक्या माशाचं गिऱ्हाईक संपलं. आगबोटींचंही तेच झालं. १९३३मध्ये बांधलेली ‘नेनाना’ ही दिमाखदार बोट पन्नासच्या दशकात थांबली आणि आता फेअरबँक्सच्या एका बागेत जमिनीवर उभी आहे. लाकडाच्या वखारी ओसाड झाल्या. लाकूड आणि मासा, या दोन वस्तू गावाने जगाला विकल्या होत्या, त्यांना एका पिढीत कोणी विचारेना.

विमानाचा हिशेब मात्र एकतर्फी मांडता येणार नाही. पूर्वी दर वर्षी दोनदा गाव जगापासून तुटे. ऑक्टोबरात नदीवर बर्फाच्या लाद्या वाहायला लागल्या की होडी बंद, आणि बर्फ पक्का होईपर्यंत स्लेजही बंद. मे महिन्यात उलटा प्रकार. या आठवड्यांत अपेंडिक्स फुटलं की माणूस गेला. विमानाने ही कोंडी फोडली. तेवढ्यासाठी कोणीही ग्विचिन आजी विमानाला दुवा देईल. पण त्याच विमानाने इस्पितळही नेलं. स्टकच्या काळात उभं राहिलेलं इस्पितळ आसपासच्या सगळ्या गावांचा आधार होतं. रोग्याला तासाभरात फेअरबँक्सला हलवता येऊ लागल्यावर डॉक्टर गावात ठेवायची निकड उरली नाही. इस्पितळ बंद झालं, दवाखाना राहिला. दिवस भरत आलेल्या बाईला आता बाळंतपणाआधीच शहरात जाऊन थांबावं लागतं.

मधेच एक काळ असा आला की गावाला दळणवळणाचीच गरज उरली नसती, कारण गावच उरलं नसतं. पन्नास-साठच्या दशकांत लष्कराच्या अभियंत्यांनी खाली रँपार्टच्या घळीत धरण सुचवलं. त्याचं तळं ईरी सरोवराहून मोठं होणार होतं आणि फोर्ट युकॉनसह फ्लॅट्समधली गावं त्याच्या तळाशी जाणार होती. गावकऱ्यांनी संघटना करून विरोध केला, पाणपक्ष्यांची आणि सॅमनची काळजी असलेल्यांनी साथ दिली, आणि १९६७मध्ये केंद्र सरकारच्या अंतर्गत व्यवहार खात्याने विरोधी अहवाल देऊन योजना मागे ढकलली.

त्याच सुमारास गावागावांत एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. कॅनडातल्या बोंबार्डियेने १९५९मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली होती. साठच्या दशकात स्नोमोबाईल अलास्काच्या गावांत शिरली आणि दहा वर्षांत कुत्र्यांचे खुंटे रिकामे झाले. लोक भोळे म्हणून नव्हे, त्यांनी हिशेब केला होता. स्नोमोबाईल उन्हाळ्यात खात नाही, तिच्यासाठी चौदाशे मासे चिरावे लागत नाहीत, आणि सापळ्यांची जी ओळ तपासायला आठवडा लागे ती दोन दिवसांत होते. तीन महिने मासे वाळवण्यात गेलेली पाठ ज्याची आहे त्यालाच या सुटकेची किंमत कळेल. फक्त या यंत्राला हवं होतं पेट्रोल, आणि पेट्रोल नदीत पोहत येत नाही. त्याला रोख पैसा लागतो, पैशाला नोकरी लागते, आणि नोकरीला गेलेल्या माणसाकडे सापळे बघायला वेळ नसतो. शिवाय यंत्राला पातळ बर्फ कळत नाही. जुने गाडीवान सांगतात की वाटाड्या कुत्रं बर्फाचा वास घेऊन अडून बसे, मालक कितीही ओरडला तरी. आणि वादळात वाट चुकली तर ते घरी आणून सोडी. साठ किलोमीटरवर पट्टा तुटला तर स्नोमोबाईल जागची हलत नाही.

खेड्यांतली रिकामी आवारं पाहून जो रेडिंग्टन या गाडीवानाला वाटलं की स्लेजच्या कुत्र्यांची ही जात संपेल. १९७३मध्ये त्याने इतरांच्या साथीने अँकरेज ते नोम अशी इडिटारॉड शर्यत सुरू केली. शर्यत गाजली, कुत्री टिकली. पण हौसेचं आणि बक्षिसाचं कुत्रं वेगळं, आणि पाणी-लाकूड ओढणारं कुत्रं वेगळं.

आजच्या फोर्ट युकॉनमध्ये गल्ल्यांतून चारचाकी मोटरसायकली फिरतात, बार्जवरून आलेले पिकअप ट्रक फिरतात, नदीला ॲल्युमिनियमच्या मोटरबोटी बांधलेल्या असतात. डिझेल आणि पेट्रोल उन्हाळ्यात बार्जने येतं आणि मोठ्या टाक्यांत वर्षभरासाठी साठवतात. पाणी उतरलं, बार्ज दांड्यांवर अडली, तर इंधन विमानाने आणायचं, म्हणजे इंधन आणायला इंधन जाळायचं. किराण्याची तऱ्हा त्याहून गमतीची. काही दशकांपासून अलास्कात अशी सोय आहे की दुकानदार साडेचारशे किलोंच्या वर माल एकदम मागवतो आणि तो टपालखात्याच्या दराने, पण टपालकचेरीत पाऊल न टाकता, थेट विमानात चढतो. कागदोपत्री ते पार्सल. शीतपेयांचे कॅन, कांदे, बाळांचे लंगोट, सगळं अमेरिकी टपालखात्याच्या तोट्यात उडतं. वॉशिंग्टनमध्ये हा तोटा कमी करायची भाषा अधूनमधून निघते आणि इथल्या दुकानदाराच्या पोटात गोळा येतो.

नदी अजून वाहन आहेच. पण तिचं वेळापत्रक पूर्वीसारखं भरवशाचं नाही. बर्फ पक्का व्हायला उशीर होतो, मधेच उघडी भोकं राहतात, आणि मे महिन्यात कधी लाद्यांचा बांध बसून पूर येतो. २०२३मध्ये वरच्या सर्कल गावात असाच पूर घरांत शिरला.

आणि मासा आटला आहे. २०२०नंतर चम आणि चिनूक, दोन्ही जातींचे सॅमन युकॉनमध्ये इतके घटले की मासेमारी बंद करावी लागली. एप्रिल २०२४मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी चिनूक सात वर्षं न पकडण्याचा करार केला. कारणांबद्दल वाद आहेत. कोणी तापलेल्या समुद्राकडे बोट दाखवतं, कोणी मोठ्या जहाजांच्या जाळ्यांकडे, कोणी नदीतल्या गरम पाण्याकडे आणि माशांच्या रोगांकडे. माशांची चाकं मात्र काठावर ओढून ठेवलेली आहेत. २०२१मध्ये युकॉनकाठच्या गावांना ब्रिस्टल बेमधले दानाचे सॅमन विमानाने पाठवावे लागले. ज्या नदीचं नाव जगात सॅमनसाठी घेतलं जायचं तिच्या काठावर गोठवलेला सॅमन आकाशातून उतरला, आणि लोकांनी रांगा लावून घेतला, कारण हिवाळा समोर होता.

युकॉनकाठी हौसेने किंवा हट्टाने कुत्री पाळणारी काही घरं अजून आहेत. त्यांचा कणा होता शरदातला चम. तो बंद झाल्यावर काहींनी ताफे कमी केले, काहींनी पिल्लं काढणं थांबवलं. उरलेल्यांची कुत्री आता कारखान्यात बनलेलं कोरडं खाद्य खातात. वीस-वीस किलोंच्या गोणी फेअरबँक्सला काट्यावर चढतात आणि विमानात बसतात. माशांवर धावणारं वाहन म्हणून पेट्रोलच्या जमान्यात टिकवलेली ही कुत्री पेट्रोलवरच धावताहेत, आणि मालक दर गोणीमागचं भाडं मोजून ठरवतो की या हिवाळ्यात सात ठेवायची की पाच.